बेस गिटारचा सेटअप घरच्या घरी: क्रम चुकला की सगळं चुकतं

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या बेसवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ऍक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) वर गेली, पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार करकरते, वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतो. मग ॲलन की (षटकोनी चावी) शोधली जाते आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पिळला जातो. दोन दिवसांनी सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) खाली घेतले जातात, आठवड्याने पुन्हा रॉड. शेवटी बेस दुकानात जातो आणि तिथला माणूस सगळं सोडवून पहिल्यापासून सुरुवात करतो.

यातली मूळ चूक म्हणजे ट्रस रॉडने ऍक्शन ठरवायला जाणं. रॉडचं काम नेकचा बाक ठरवणं, तारांची उंची सॅडलने ठरते. रॉड फिरवला की ऍक्शन बदलते, ऍक्शन बदलली की इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं) बदलतं. उलट दिशेने मात्र असं होत नाही. सॅडल मागेपुढे केल्याने नेकचा बाक हलत नाही. म्हणून क्रम एकच: तारा, बाक, नट (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी), ऍक्शन, इंटोनेशन, पिकअप (तारेचं कंपन पकडून अँपकडे पाठवणारा भाग). मधली पायरी गाळून पुढे गेलात तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागेल.

खालची मापं चार तारांच्या, ३४ इंची स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या), बोल्टने बसवलेल्या नेकच्या बेससाठी आहेत. पाच तारांच्या बेसलाही हाच क्रम, फरक येईल तिथे सांगितलाय.

## १. हत्यारं आणि खोली

लागणारं सामान थोडं आहे, पण ते नेमकं हवं.

ॲलन की सर्वांत महत्त्वाची. ट्रस रॉडला बेसप्रमाणे ४ मिमी, ५ मिमी किंवा ३/१६ इंचाची लागते. काही बनावटीत बॉक्स स्पॅनर, तर काहींत नेकच्या टाचेजवळ (बॉडीला जोडलेल्या टोकाजवळ) भोकांचं चाक असतं. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. त्यात ५ ची की जात नाही आणि ४.५ ची गरगर फिरते. ही गरगर फिरणारी कीच रॉडचं तोंड गोल करून टाकते आणि मग दुरुस्ती बेसच्या किमतीच्या अंगावर येते. की आत पूर्ण बसली पाहिजे आणि हलवली तर खुळखुळता कामा नये. सॅडलच्या बारीक स्क्रूंना बहुतेक वेळा १.५ मिमीची की लागते, अमेरिकन बनावटीला इंचातली.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) गॅरेजवाले वापरतात तेच. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत सहज मिळतं. नसेल तर साध्या गिटारची ०.०१२ इंचाची तार घ्या, तुटलेल्या तारेचा तुकडाही चालेल. ती साधारण ०.३ मिमी जाड असते आणि नेकच्या बाकासाठी आपल्याला हवं ते माप जवळपास तेच आहे.

स्टीलची सहा इंची पट्टी घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. शाळेची प्लास्टिक पट्टी नको, कारण तिच्या कडेपासून शून्यापर्यंत दोन-चार मिलिमीटरची कोरी जागा असते आणि उंचीचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं. पट्टीचा शून्य थेट कडेवर हवा.

याशिवाय कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारी पकड), फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, वायर कटर आणि केबलने जोडता येणारा ट्युनर. हेडस्टॉकवरचे (खुंट्या असतात त्या टोकावरचे) क्लिप ट्युनर ई तारेवर (४१.२ हर्ट्झ) गडबडतात, पाच तारांच्या बेसच्या बी तारेवर (३०.९ हर्ट्झ) तर जास्तच. मोबाइलचं ॲप माइकवर चालतं, म्हणजे खिडकीबाहेरच्या रिक्षासकट.

आता खोली. बेस ज्या हवेत वाजणार, त्याच हवेत सेटअप करायचा. रात्रभर एसीत असलेला बेस बाहेर काढून लगेच मोजू नका. बॅग उघडून किमान तीन-चार तास बाहेर राहू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवते. एसीच्या आत आणि बाहेर एवढा फरक असताना घाईत घेतलेलं माप संध्याकाळपर्यंत खोटं ठरतं.

सावध: "दमट हवेत नेक अमुक दिशेनेच वाकतो" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून सोडून द्या. लाकडाचा कट, फिंगरबोर्ड, त्यावरचं लॅकर आणि रॉड यांवर ते ठरतं. एकाच घरातले दोन बेस उलटसुलट वागू शकतात. मोजायचं, मग हात लावायचा.

## २. तारा आधी बदला

जुन्या तारांवर सेटअप करणं म्हणजे वेळ फुकट. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि घामात तारांवर गंज चढतो, फ्रेटवर दाबल्या जातात तिथे खळगे पडतात. अशा तारेचं इंटोनेशन कधीच जुळत नाही, सॅडल कुठेही न्या.

गेज, म्हणजे तारांची जाडी, इथेच ठरवा. चार तारांचा मिळून ताण ७० किलोहून जास्त असतो. ०.०४५–०.१०५ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचांत) वरून ०.०४०–०.१०० वर आलात की ताण कमी होतो आणि नेक थोडा सरळ होतो. जाड सेट लावला की उलट. सेटअपनंतर गेज बदलायचा विचार आला, तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर यावं लागेल.

तार बसवताना दोन ठिकाणी चुका होतात.

पहिली कापण्याची. तार खुंटीपर्यंत सरळ ओढा, खुंटीच्या पुढे ११-१२ सेंमी ठेवा. कापण्याच्या जागेच्या जरा अलीकडे आधी तारेला काटकोनात मोड द्या आणि मोडाच्या पलीकडे कापा. मोड न देता कापली की वरचं वेटोळं गाभ्यावरून सैल होतं आणि तार कायमची मंद वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात पूर्ण खाली घाला, दोन-तीन वेढे वरून खाली येऊ द्या, एकमेकांवर चढू देऊ नका.

दुसरी ए तारेची. चारही खुंट्या एका ओळीत असलेल्या बऱ्याच बेसवर डी आणि जी तारांना दाबणारी छोटी गोल पकड असते, ए ला नसते. त्यामुळे ए तारेचे वेढे कमी पडले की ती नटवर पुरेशा कोनात वाकत नाही आणि मोकळी वाजवली की सतारीसारखी झणझणते. ए साठी १३-१४ सेंमी ठेवा आणि वेढे खुंटीच्या तळापर्यंत जाऊ द्या.

तार ताणल्यावर सॅडलच्या अगदी पुढे आणि नटच्या अगदी पुढे अंगठ्याने हलकेच दाबा. बेसच्या तारा जाड असतात. त्या सॅडलवरून सरळ न उतरता कमान करून उतरतात आणि त्या कमानीमुळे सूर हलत राहतो. तारेच्या शेवटी रंगीत रेशमी गुंडाळी असेल तर ती सॅडलवर येत नाही ना, तेही आत्ताच बघा.

तपासा: ई-ए-डी-जी सुरात लावा, तारा हाताने ओढून पुन्हा लावा. सूर टिकायला लागल्याशिवाय पुढची पायरी नाही.

## ३. नेकचा बाक

तारेच्या कंपनाला जागा मिळावी म्हणून नेक किंचित पुढे वाकलेला लागतो. पूर्ण सरळ नेक बहुतेकांच्या हाताला करकरतो. बेस मांडीवर, वाजवताना धरतो तसा धरा. टेबलावर आडवा ठेवून, नेकखाली उशी देऊन घेतलेलं माप वेगळं येतं.

मोजायची पद्धत:

१. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा.
२. ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी.
३. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत किती फट आहे, ते फिलर गेजने बघा.

फेंडर कंपनीच्या मापांप्रमाणे ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (गोलाईच्या) फिंगरबोर्डला ०.३ मिमी, जुन्या धाटणीच्या ७.२५ इंचीला ०.३५ मिमी आणि १५ इंचाच्या वरच्या चपट्या बोर्डला ०.२५ मिमी ही सुरुवात धरा. गेज तारेला उचलू नये, नुसतं घासून जावं. तार उचलली जात असेल तर फट गेजपेक्षा कमी आहे.

फट जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा: रॉडच्या तोंडाकडे पाहत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. फट कमी असेल किंवा तार आठव्या फ्रेटला टेकतच असेल, तर उलट, म्हणजे सैल.

एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. फिरवा, सूर पुन्हा लावा (तो हललेला असतो), दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. काही नेक लगेच मानतात, काही रात्रभर घेतात. म्हणून हे काम गिगच्या दिवशी दुपारी करायला घेऊ नये.

रॉड घट्ट करण्याआधी पाव फेरा सैल करून बघण्याची सवय चांगली. तो किती ताणलेला आहे याचा हाताला अंदाज येतो आणि गंजाने धरला असेल तर सुटतो. घट्ट करताना तारा एक-दीड सूर खाली उतरवल्या की रॉडवरचा भार कमी होतो.

ज्यांच्या रॉडचं तोंड नेकच्या टाचेत, बॉडीच्या आत दडलेलं आहे, त्यांना तारा सैल करून नेकचे बोल्ट काढावे लागतात. कंटाळवाणं आहे. पण पिकगार्ड खरवडत तिरक्या ड्रायव्हरने फिरवायला गेलात तर लाकूड आणि रॉड दोन्ही दुखावतील.

सावध: रॉड अडला, कटकट आवाज आला किंवा घट्ट करूनही फट बदलत नसेल, तर तिथेच थांबा. यापुढचं काम लुथियरचं, म्हणजे गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याचं.

## ४. नट

इथे नट म्हणजे हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी. ही पायरी बहुतेकजण विसरतात आणि मग पहिल्या फ्रेटवरचा एफ चढा का लागतो, याचं उत्तर ब्रिजवर शोधत बसतात.

कॅपो काढा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांत बघा. केसभर फट दिसली पाहिजे, बोटाने तार टिचकावली तर बारीक टक्‌ आवाज आला पाहिजे. अजिबात फट नसेल तर खाच खोल गेली आहे आणि मोकळी तार करकरणार. एक मिलिमीटरच्या आसपास फट असेल तर खाच उथळ आहे, पहिल्या तीन फ्रेटवर बोटं दुखणार आणि सूर चढणार.

खाच तासायला तारेच्या जाडीची गोल कानस लागते. ती नसेल तर इथे हात घालू नका. घरातल्या करवतीच्या पात्याने तासलेली खाच रुंद होते आणि परत भरता येत नाही. नट बदलून घेणं हे स्वस्त काम आहे.

## ५. ऍक्शन

आता सॅडल. सूर लावलेला, बेस मांडीवर, पट्टी सतराव्या फ्रेटच्या माथ्यावर उभी. मोकळ्या तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर वाचा.

९.५ ते १२ इंच रेडियसला ई तारेखाली २.४ मिमी आणि जी खाली २ मिमी. ७.२५ इंचीला ई २.८ आणि जी २.४. ए आणि डी या दोघांच्या मध्ये, बोर्डाची गोलाई सांभाळून. पाच तारांच्या बेसची बी तार ई पेक्षा थोडी वरच ठेवा, तिला हलायला जास्त जागा लागते.

प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही सारखेच फिरवा, सॅडल एका बाजूला कलला की तार खाचेतून सरकते. खाली घेताना तार सैल करायची गरज नाही, वर घेताना करा. ताणलेल्या जाड तारेखाली तो इवलासा स्क्रू झिजतो.

आपल्याकडे हे स्क्रू गंजून बसलेले असतात. जोर लावू नका. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन स्क्रूच्या आट्यांवर सोडा, अर्धा तास थांबा, मग की घाला. थेट बेसवर स्प्रे मारू नका, तो लाकडात आणि पिकअपमध्ये जातो.

मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, तुमच्या नेहमीच्या जोराने वाजवा. करकर कुठे येते त्यावरून कारण ओळखता येतं:

- फक्त मोकळ्या तारेवर: नटची खाच खोल.
- पहिल्या चार-पाच फ्रेटवर: नेकचा बाक कमी, किंवा उलटा वाकलाय. तिसऱ्या पायरीवर जा.
- बाराव्याच्या वर सगळीकडे: सॅडल खाली, किंवा बाक जास्त.
- एकाच ठिकाणी: पुढचा फ्रेट उंच. सरळ पट्टीचा लहान तुकडा तीन फ्रेटवर ठेवून डुलतो का बघा. डुलला तर मधला फ्रेट उंच आहे.

अँपमधून ऐकू न येणारी करकर ही करकर नाही. निवांत खोलीत कान लावून ऐकाल तर जगातला प्रत्येक बेस करकरतो. आणि "एकदम लो ऍक्शन" हा हट्टही जरा बाजूला ठेवा. जोरात पिक मारणाऱ्याच्या हाताखाली १.५ मिमीची ऍक्शन प्रत्येक सुराचा गळा दाबते. आवाज मोठा वाटतो, पण नुसती सुरुवातीची थाप राहते, मागची गूंज जाते. मग त्याचा दोष पिकअपला दिला जातो.

## ६. इंटोनेशन

सुरू करण्याआधी पिकअप खाली करून ठेवा, तारेपासून पाच-सहा मिलिमीटर तरी. पिकअपचं चुंबक जवळ असलं की जाड तारा ओढून धरतं, ई चा सूर लाटेसारखा हलतो आणि ट्युनरची सुई कुठेच स्थिरावत नाही. ही गोष्ट फार कमी लोक करतात, आणि इंटोनेशन जुळत नाही म्हणून ब्रिज बदलायला निघतात.

सॅडल पूर्ण विस्कटलेले असतील तर आधी ढोबळ जागा ठरवा. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी येतात. जी सॅडल त्याच्या दुप्पट अंतराहून किंचित मागे ठेवा. मग डी, ए, ई क्रमाने आणखी मागे. ई सर्वांत मागे असणं बरोबरच आहे.

प्रत्येक तारेसाठी:

१. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवून सूर अचूक लावा.
२. त्याच तारेवर बारावा फ्रेट दाबून वाजवा. नेहमी दाबता तेवढंच दाबा. जोर दिला की सूर चढतो.
३. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून लांब. उतरा असेल तर पुढे.
४. तार सैल करा, सॅडल हलवा, पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा.

तार ताणलेली असताना सॅडल ढकलला तर स्क्रूच्या आट्या खराब होतात आणि तारेचा वाकलेला भाग सॅडलपासून सरकतो. मागे नेल्यावर तो मोड कंपनाच्या भागात येतो, म्हणून सॅडलपुढे अंगठ्याने पुन्हा दाबा.

ट्युनर गोंधळत असेल तर टोनचा नॉब पूर्ण बंद करा आणि नेकजवळ अंगठ्याने हळू वाजवा. मूळ सूर ठळक येतो, वरचे सूर दबतात.

तपासा: बारावा जुळल्यावर पाचवा आणि सतरावा फ्रेट बघा. दोन-तीन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक सोडून द्या. बारावा जुळूनही पहिले तीन फ्रेट चढेच असतील, तर चौथी पायरी नीट झालेली नाही.

## ७. पिकअपची उंची आणि टोन

आता पिकअप वर घ्या. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून, पिकअपपासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. ई खाली २.८ मिमी, जी खाली २ मिमी ही सुरुवात. पुढचं कानाने.

प्रेसिजन आणि जॅझ ही फेंडरच्या बेसची नावं. प्रेसिजन धाटणीच्या पिकअपचे दोन तुकडे वेगळे हलतात, त्यामुळे ई-ए विरुद्ध डी-जी असा तोल साधता येतो. जॅझ धाटणीत ब्रिजकडच्या पिकअपखाली तार कमी हलते, म्हणून तो नेककडच्यापेक्षा जवळ लागतो. दोन्ही आळीपाळीने वाजवून आवाज सारखा येईपर्यंत करा. स्क्रू सैल करूनही पिकअप वर येत नसेल तर खालचा फोम दबून मेलाय, नवा तुकडा घाला.

हे करताना अँपचे सगळे नॉब मध्यावर आणि कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार सारखी करणारं उपकरण) बंद. कॉम्प्रेसर चालू असला की तारांमधला फरक तो झाकतो आणि तुमचा तोल खोटा होतो.

जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असले की मधल्या सुरांची पट्टी थोडी आत जाते. एक नॉब जरासा मागे घेतला की ती परत येते. बँडमध्ये ऐकू येत नाही म्हणून लो (खर्ज) वाढवणाऱ्यांनी आधी हे करून बघावं. नॉब खरखरत असेल तर लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) फटीत थोडा मारून नॉब वीसेक वेळा पुढेमागे फिरवा.

बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल आणि आवाज फाटायला लागला असेल, तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये राहिली की सर्किट चालूच राहतं.

## ८. हम येत असेल तर

जॅझ बेसचा एकच पिकअप चालू असताना हम (सततची घूंघूं) येणं, आणि दोन्ही पूर्ण केल्यावर जाणं, ही त्या रचनेची गोष्ट आहे, बिघाड नाही. तारांना हात लावला की हम कमी होणं हेही नेहमीचं. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखाली जाणारी ग्राउंडची वायर तुटली आहे का ते बघा, आणि घराचं अर्थिंगही.

जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण आत अर्थची वायर जोडलेलीच नसते. नुसत्या टेस्टरने फेज कळतो, अर्थ नाही. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

सावध: हम घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. बेसच्या तारा केबलमधून अँपच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थ नसताना अँपमध्ये बिघाड झाला आणि तुमचे ओठ दुसऱ्या सॉकेटवरच्या माइकला लागले, तर करंट तुमच्यातून जातो.

## ९. पावसाळाभर

बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर बेस टांगू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला. पावसातून आलेली बॅग बेस आत ठेवून बंद करू नका, आधी दोन्ही वेगवेगळे वाळू द्या. वाजवून झालं की तारा खालूनवरून कोरड्या सुती कापडाने पुसा.

शिसवी फिंगरबोर्डला तेल लावायची गरज या महिन्यांत जवळपास नसते, लाकूड आधीच ओलं आहे. लॅकर मारलेल्या मेपल बोर्डला तर कधीच नाही.

जूनच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबर संपताना फक्त तिसरी पायरी करा: कॅपो, शेवटचा फ्रेट, आठव्यावर गेज. माप ०.३ च्या आसपास असेल तर की बाहेरही काढू नका.